सूर्यावरचा खटला

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की ओझोन दिवसाच्या आसपास एक मेसेज सगळ्या ग्रुपांमध्ये फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दा तोच. ओझोनला भोक पडलं ते सूर्यावरच्या वादळांमुळे, माणसाचा त्यात काडीचा संबंध नाही, बाकी सगळं गॅस बनवणाऱ्या कंपन्यांचं कारस्थान. शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' हे आलंच.

अशा मेसेजेसना मी सहसा उत्तर देत नाही. आयुष्य थोडं आणि ग्रुप फार. :) पण या मेसेजची गंमत अशी की त्यातला पहिला भाग निव्वळ थाप नाही. सूर्यावरची वादळं खरोखरच ओझोन खातात. ध्रुवांवर खातात, चांगला सपाटून खातात, आणि ते उपग्रहांनी मोजलेलंही आहे. थापेला सत्याचं विरजण लागलं की ती जास्तच घट्ट बसते. म्हणून हा अख्खा वीकांत या एका प्रकरणावर घालवला.

तर आधी वादळ म्हणजे काय ते बघू. सूर्यावर मोठा भडका उडतो, किंवा त्याच्या वातावरणाचा अब्जावधी टनांचा ढग अवकाशात फेकला जातो, तेव्हा त्या दणक्याने काही प्रोटॉन भयंकर वेगाने सुटतात. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ढग पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो. चुंबकीय वादळ आणि ध्रुवाकडचे ते हिरवे-लाल पडदे ही मुख्यतः त्याची करामत. मे २०२४ मध्ये लडाखात हानलेहून आकाश लाल झालेलं दिसलं, ते यातलं. प्रोटॉन मात्र काही मिनिटांत, फार तर काही तासांत येऊन थडकतात. ढग म्हणजे सावकाश येणारी वरात, आणि प्रोटॉन म्हणजे वरातीच्या पुढे धावत सुटलेली पोरं. आजचा विषय ही पोरं.

ती सगळीकडे सारखी उतरत नाहीत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताकडे आडवं पसरलेलं असतं, ते त्यांना बाजूला ढकलतं. दक्षिण भारताच्या डोक्यावर वरून थेट उतरायचं तर प्रोटॉनकडे सोळा-सतरा अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा हवी. ध्रुवांजवळ चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या जमिनीत शिरतात. तिथे एक कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टवाला किरकोळ प्रोटॉनही रेषेला धरून आरामात आत येतो. म्हणजे आपल्याकडे गेटवर ओळखपत्र दाखवा, सही करा, बॅग उघडा. आणि ध्रुवावर वॉचमनच नाही.

आत आल्यावर किती खाली जायचं हे ऊर्जेवर ठरतं. एक कोटीवाला साधारण ६५ किलोमीटर उंचीपर्यंत पोचून थांबतो. दहा कोटीवाला ३०-३५ किलोमीटरपर्यंत येतो. शाळेत पाठ केलेलं मध्यांबर आणि स्थितांबर आठवत असेल, तर हाच तो भाग. वाटेत तो हवेच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो. एक आयन आणि एक इलेक्ट्रॉन अशी जोडी करायला सरासरी ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट खर्ची पडतात. भागाकार करून बघा. एक कोटीवाला एकटा प्रोटॉन थांबेपर्यंत जवळजवळ तीन लाख जोड्या करतो. आणि वादळात असे प्रोटॉन तासन् तास कोसळत असतात.

या मोडतोडीतून दोन प्रकारची मंडळी तयार होतात. पहिली हायड्रोजनवाली: सुटा हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल. दुसरी नायट्रोजनवाली: नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड. दोघंही ओझोनवर तुटून पडतात, पण स्वभाव अगदी वेगळे.

हायड्रोजनवाले काही तासांचे सोबती. मध्यांबरात ते ओझोनचा फडशा पाडतात, पण वादळ ओसरलं की स्वतःही संपतात आणि ओझोन पुन्हा भरून येतो. सर्व्हर रीस्टार्ट केला की गेलं, अशा जातीचा हा बग. नायट्रोजनवाले म्हणजे मेमरी लीक. नायट्रिक ऑक्साइड ओझोनकडून एक ऑक्सिजन घेतं, त्याचं नायट्रोजन डायऑक्साइड होतं. मग त्याची गाठ एका सुट्या ऑक्सिजन अणूशी पडते, ते आपला जास्तीचा ऑक्सिजन त्याला देऊन टाकतं आणि पुन्हा नायट्रिक ऑक्साइड होऊन पुढच्या ओझोनच्या शोधात निघतं. लूप आहे आणि बाहेर पडायची अटच लिहिलेली नाही.

आता ध्रुवावरच्या रात्रीचं महत्त्व कळतं. एरवी खूप उंचावर सूर्याचे अतिनील किरणच नायट्रिक ऑक्साइड फोडून टाकतात. पण हिवाळ्यात ध्रुवावर सूर्य उगवतच नाही, म्हणजे सफाई कामगार रजेवर. शिवाय हिवाळ्यात ध्रुवाभोवती वाऱ्यांचा मोठा भोवरा असतो आणि त्याच्या आतली हवा हळूहळू खाली बसत जाते. त्यामुळे वर तयार झालेला साठा न फुटता आठवडे, महिने खाली खाली सरकत राहतो. तिथे उजेड मिळाला, सुटे ऑक्सिजन अणू मिळाले, की त्याचं खाणं सुरू. दोन दिवसांचं वादळ संपलं तरी त्याचं बिल असं दोन-तीन महिन्यांनी येतं.

हे सगळं समजलं कसं, ही मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. पॉल क्रुट्झन नावाचा ॲमस्टरडॅमचा मुलगा. परीक्षेच्या वेळी तापाने फणफणलेला, मार्क कमी पडले, म्हणून विद्यापीठाऐवजी तांत्रिक शिक्षण घेऊन सिव्हिल इंजिनिअरिंगकडे गेला. ॲमस्टरडॅमच्या पूल बांधणाऱ्या खात्यात काही वर्षं काढली, मग स्वीडनला गेला. तिथे त्याला पेपरात एक जाहिरात दिसली. स्टॉकहोममधल्या हवामानशास्त्र विभागाला कॉम्प्युटर प्रोग्रॅमर हवा होता. प्रोग्रॅमिंगचा अनुभव शून्य. तरी अर्ज केला आणि १९५९ मध्ये नोकरी लागली. मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा शिकलेल्या माझ्यासारखीला हे वाचून किती बरं वाटलं असेल, विचार करा! आमच्या बॅचमध्ये सिव्हिल-मेकॅनिकलवाली निम्मी जनता आज हेच करते आहे. फरक इतकाच की क्रुट्झनसाहेबांनी बेस्क नावाच्या मशीनवर (बेस्ट नव्हे, बेस्क) हवामानाची मॉडेलं चालवता चालवता उरलेल्या वेळात हवामानशास्त्राच्या पदव्या घेतल्या आणि १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांच्यासोबत पटकावलं.

१९७० मध्ये क्रुट्झननी दाखवलं की नायट्रोजनची ऑक्साइडं अशा लूपने ओझोन खाऊ शकतात. नंतरच्या वर्षी हॅरल्ड जॉन्स्टन यांनी इशारा दिला की आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानांचे ताफे वर गेले तर त्यांच्या धुरातूनही हेच होईल. कागदावर गणित ठीक. पण खात्री कशी करणार? स्थितांबरात लाखो टन नायट्रिक ऑक्साइड सोडून 'बघू या काय होतं' असं करता येत नाही. थेट प्रॉडक्शनवर टेस्ट घ्यायला कोण परवानगी देणार?

ती टेस्ट सूर्याने घेतली. ४ ऑगस्ट १९७२ ला प्रोटॉनचं प्रचंड वादळ आलं. चंद्रावर जाऊन आलेलं अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघणार होतं, म्हणून नशिबाने त्या वेळी वाटेत कोणी नव्हतं. १९७५ मध्ये क्रुट्झन, इसाक्सन आणि रीड यांनी लिहिलं की अशा वादळांत ध्रुवांवर भरपूर नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला हवं. निंबस ४ हा उपग्रह १९७० पासून वरून ओझोन मोजत होता. म्हणजे लॉग साठवलेले होते. १९७७ मध्ये हीथ, क्रूगर आणि क्रुट्झन यांनी त्या नोंदी छापल्या. वादळानंतर ध्रुवावरच्या वरच्या स्थितांबरातला ओझोन खरंच घटला होता, आणि वादळ विझल्यानंतरही घटलेलाच राहिला होता. गणित बरोबर निघालं.

नंतरची वादळं तर कितीतरी बारकाईने मोजली गेली. २००३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी, आपली दिवाळी संपून दोन-तीन दिवस झाले होते तेव्हा, असंच एक मोठं वादळ आलं. त्याचे प्रोटॉनचे आकडे जालावर फुकट मिळतात. शनिवारी रात्री ते उतरवून घेतले आणि आलेख काढला. स्क्रीनवर एक उभी भिंत आणि बाकी सपाट शून्य! एरवी एकच्याही खाली असणारा आकडा, दहाच्या वर गेला की वादळ म्हणायचं, आणि २९ ऑक्टोबरला तो २९,५०० वर. लॉगरिदमचं प्रमाण लावलं तेव्हा कुठे बाकीचं काही दिसायला लागलं. त्यानंतर उत्तर ध्रुवावरच्या रात्रीत काय झालं ते एन्व्हिसॅट या युरोपीय उपग्रहाने टिपलं. त्यावरच्या एका उपकरणाची पद्धत फार सुंदर होती. सूर्य नाही तर नाही. ते वातावरणाच्या कडेतून आरपार येणाऱ्या ताऱ्यांच्या उजेडावरून ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोजायचं. ताऱ्यांच्या उजेडात दिसलं की नायट्रोजन डायऑक्साइड कितीतरी पट वाढलंय, ओझोन उतरलाय, आणि हे आठवडेच्या आठवडे टिकलंय.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग मेसेजवाले बरोबरच म्हणतात की!

नाही. इथे इंजिनिअरने विचारायचा प्रश्न एकच: टक्के कशाचे? १४ जुलै २००० च्या वादळाने मध्यांबरातला ओझोन ७० टक्क्यांपर्यंत घटवला. आकडा भयानक आहे. पण मध्यांबरात मुळात ओझोन असतो किती? डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाखाली पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होईल. त्यातला बहुतेक भाग १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. मध्यांबराचा वाटा अगदीच चिमूटभर. त्यामुळे त्याच वादळाने एकूण ओझोन घटला तो एक टक्क्याहूनही कमी. भिकाऱ्याच्या खिशातले सत्तर टक्के गेले म्हणून शहरातली बँक बुडत नाही.

उलट अंटार्क्टिकावरचं छिद्र बघा. हॅली या ब्रिटिश तळावर १९५० च्या दशकाच्या शेवटी ऑक्टोबरातला ओझोन ३०० डॉबसन एककांच्या आसपास असायचा, म्हणजे तीन मिलिमीटर. १९८४ पर्यंत तो २०० च्या घरात आला होता. फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी १९८५ मध्ये हे छापलं आणि जग हादरलं. इथे बँकच लुटली जात होती.

आणि त्या वेळी सूर्यावर संशय घेतला गेला नव्हता असंही नाही. १९८६ मध्ये नासाच्या कॅलिस आणि नटराजन यांनी रीतसर मांडलं होतं की १९७९ च्या सुमाराला सूर्य जोरात होता, तेव्हा वर वाढलेली नायट्रोजनची ऑक्साइडं खाली उतरली असतील आणि हे छिद्र त्यांचं काम असेल. चांगली, तपासता येण्यासारखी थिअरी होती. ती खरी असेल तर छिद्राच्या आत नायट्रोजन डायऑक्साइड जास्त सापडायला हवं. फ्रीजच्या गॅसमधल्या क्लोरीनची थिअरी खरी असेल तर ते कमी, आणि क्लोरीन डायऑक्साइड जास्त.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुझन सॉलोमन आपली टीम घेऊन अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर गेल्या. वय तीस. रात्रीच्या मोजमापासाठी गच्चीवर आरसा लावून चंद्राचा उजेड उपकरणात घेतला. निकाल आला: नायट्रोजन डायऑक्साइड कमी, क्लोरीन डायऑक्साइड भरपूर. पुढच्या वर्षी चिलीतल्या पुंता अरेनासहून उडालेलं विमान थेट छिद्रात शिरलं, तेव्हा दिसलं की जिथे क्लोरीन मोनॉक्साइड उसळी मारतं तिथेच ओझोन कोसळतो. सूर्यावर खटला भरला गेला, पुरावे तपासले गेले, आणि सूर्य सुटला. इतकंच नाही, एक रेणू लूपमध्ये फिरून हजारो ओझोन खाऊ शकतो, याला खुल्या आकाशातला पुरावा सूर्याच्याच वादळाने दिला होता. ज्याला आरोपी म्हणून उभं केलं जातंय तो खरा आपल्याविरुद्धचा साक्षीदार आहे.

यंदा मी उत्तर दिलं, कारण मेसेज पाठवणारे माझे काका होते.

काकांचं मिरजेत फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. लशींचे फ्रीज, रक्ताच्या पिशव्यांचे फ्रीज, आइसक्रीमवाल्यांचे डीप फ्रीजर, सगळीकडे काका. त्या काळी गॅस एकच, आर-बारा. पेटत नाही, वास नाही, विषारी नाही. मी त्यांना फोनवर वरचं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, पाइपला भोक पडलं की आम्ही उरलेला गॅस हवेत सोडून द्यायचो. मग ब्रेझिंग करायचं, व्हॅक्यूम मारायचा, नवा गॅस भरायचा. दिवसाला तीन-तीन, चार-चार फ्रीज. कुणी सांगितलं होतं आम्हाला? आणि आता तू म्हणतेस ते भोक मी पाडलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना सूर्याशी काही देणंघेणं नाही. त्यांना फक्त आपण आयुष्यभर इमानाने केलेल्या कामावर डाग नको होता. तीस-चाळीस वर्षांचा धंदा, त्यावर दोन मुलांची शिक्षणं, आणि म्हातारपणी पेपरात वाचायचं की आपण आकाश फाडलं. सूर्याने केलं म्हटलं की सुटका होते. आता याला आलेख दाखवून काय उपयोग?

मी म्हटलं, "काका, एकट्या तुमचं नाही. आणि तुम्ही सोडलेला गॅस अजून वर आहे हे खरं. आर-बारा हवेत शंभर वर्षांच्या आसपास टिकतो. पण पुढे तुम्हीच ट्रेनिंगला गेला होता ना? गॅस सोडायचा नाही, काढून सिलिंडरमध्ये घ्यायचा, ते?"

"हो तर! मशीन घेतलं होतं ना मी. गिऱ्हाईक म्हणायचं, एवढा वेळ कशाला लावता."

"मग तेच. १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला तो साहेब लोकांनी सह्या करून. पण पाळला तुमच्यासारख्यांनी, एकेका फ्रीजपाशी बसून. भारतात या गॅसचं उत्पादन २००८ मध्ये थांबलं. भोक भरत चाललंय."

"कधी भरणार?"

"अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमाराला, असा अंदाज आहे."

काका हसले. "म्हणजे वॉरंटी संपल्यावर."

२०६६ मध्ये मीही सत्तरीला टेकलेली असेन. तोवर सूर्याची तीन-चार चक्रं होतील आणि प्रत्येक चक्रात अशी वादळं येतच राहतील. ती ध्रुवांवर नायट्रिक ऑक्साइड तयार करतील, ते अंधारात खाली सरकेल, थोडा ओझोन खाईल, आणि पुढच्या काही महिन्यांत आकाश तो भरून काढेल. हे अब्जावधी वर्षं चालू आहे आणि त्यावर कुणाची सही चालत नाही. आपल्या हातात होता तो भाग वेगळा होता, आणि तो आपण वेळेत ओळखला तो सूर्याचं खातं आणि आपलं खातं वेगळं लिहिल्यामुळे. दोन्ही खाती एकत्र केली की ना सूर्य समजतो, ना आपली चूक, ना आपण ती सुधारली हे.

सूर्याच्या खात्याच्या नोंदी आता आपल्याकडेही होतात. आदित्य एल-१ जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून येणारे कण मोजतं आहे. आणि नवी मुंबईत, नव्या पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, तिचं एक उपकरण अंटार्क्टिकात मैत्री तळावर असतं. ते आकाशगंगेकडून येणारी रेडिओची खरखर ऐकत बसतं. बस्स, एवढंच काम. ध्रुवाकडच्या वरच्या हवेत कण घुसले की तिथे इलेक्ट्रॉनांची गर्दी होते आणि खरखर दबते. मैत्रीवर हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही. पण त्याने काही पाठवलं, तर तिथल्या काळोखातही कळतं.